सुतळी नावाच्या खारीचे गाव

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरीवली ही प्रवासवर्णनात यावीत अशी गावे नव्हेत, हे मला ठाऊक आहे. तेथे माणसे राहतात, संसार करतात, सदनिकांच्या किमतींवर बोलतात. पाहायला म्हणून तेथे कोणी जात नाही. मी मात्र मिरजेहून मुद्दाम गेलो आणि आठवडाभर या चार उपनगरांत एकाच गोष्टीकडे पाहत हिंडलो. ती गोष्ट म्हणजे खारीची पाठ. जे गेलेले नाहीत, आणि गेले तरी ज्यांची नजर तिकडे वळणार नाही, त्यांच्यासाठी हा वृत्तान्त.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी ग्रंथपाल होतो. वर्गीकरण हा माझा जन्माचा व्यवसाय, पण तो पुस्तकांचा. निवृत्तीनंतर, ज्या वयात लोक गुडघ्यांची काळजी करू लागतात त्या वयात, मला प्राण्यांच्या वर्गीकरणाची गोडी लागली. त्यातून मी एका रविवार पुरवणीत चिपमंकविषयी एक लेख लिहिला. चिपमंक म्हणजे खारीच्याच कुळातले, पाठीवर आणि गालांवरही पट्टे असलेले, गालांच्या पिशव्यांत दाणे साठवणारे प्राणी. त्यांचे तीन गट मानतात: एक आशियातला, एक अमेरिकेच्या पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा. वरवर पाहता तिन्ही सख्खी भावंडे वाटतात. भेद आहेत ते आत. पूर्वेकडच्या चिपमंकाला वरच्या जबड्यातली एक इवलीशी उपदाढ नसते, बाकीच्या दोघांना असते. कानातल्या हातोडीच्या आकाराच्या हाडाची घडण वेगळी, आणि आणखी एका हाडाची, ज्याचा उल्लेख मी लेखात ‘इतर काही अस्थी’ एवढ्यावर भागवला होता. चिपमंक मी जन्मात पाहिलेला नाही. तरीही या लेखामुळे आमच्या नात्यागोत्यात मी खारींचा जाणकार ठरलो, आणि मुलुंडहून माझ्या मावसबहिणीचा, सुलभाताईचा, फोन आला.

मुलुंड

सुलभाताई तिसऱ्या मजल्यावर राहते. मी पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच तिने मला स्वयंपाकघरात नेले. ओट्यावर पोपटाचा मोठा पिंजरा होता आणि त्यात एक खार शेंगदाणा सोलत बसली होती.

तिची हकिगत अशी. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या आवारातल्या जांभळाची छाटणी झाली. कंत्राटदाराचा ट्रक त्या दिवशी ठिकठिकाणच्या फांद्या गोळा करीत येऊन फाटकाशी उभा होता. छाटणी संपल्यावर ट्रकच्या चाकापाशी सुलभाताईला सुतळीच्या गुंत्यात पाय अडकलेले एक पिल्लू सापडले. डोळेही उघडले नव्हते. तिने ड्रॉपरने दूध पाजून ते वाढवले आणि त्याला सुतळी हे नाव दिले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावले होते की दाणे फोडायला लागली की हिला सोडा, आणि जेथली आहे तेथेच सोडा.

जेथली म्हणजे कोठली, यावर सगळे अडले होते.

सुलभाताई एका हौशी मंडळात आहे. चार उपनगरांतली निवृत्त आणि अर्धनिवृत्त माणसे आपापल्या परिसरातल्या खारी पाहतात, पाठीवरचे पट्टे मोजतात आणि बोरीवलीच्या दिघे यांना कळवतात. आपल्याकडे पट्टेवाल्या खारींचे दोन ठळक प्रकार आहेत: तीनपट्टी आणि पाचपट्टी. दिघे हे आयुष्यभर नकाशे काढलेले गृहस्थ. त्यांनी सगळ्या नोंदी जुळवून एक सुबक नकाशा केला होता आणि त्यातून एक निष्कर्ष निघाला होता: टोलेजंग इमारतींच्या वसाहतींत तीनपट्टी खार राहते, कोळीवाडे, गावठाणे आणि चाळींत पाचपट्टी. सुलभाताईची वसाहत नकाशावर तीनपट्टीची. सुतळीच्या पाठीवर पट्टे पाच. तेव्हा ती येथली नव्हेच, ट्रकमधून आली, असे दिघ्यांनी ठरवले आणि तिला येत्या रविवारच्या बैठकीनंतर अंधेरीजवळच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात, तिच्या जातभाईंत, सोडायचा बेत केला.

“कोळीवाड्यात मासळी सुकते,” सुलभाताई मला म्हणाली. “मासळी सुकते तिथे मांजरं किती असतात, सांगू तुला? हिने जन्मात मांजर पाहिलेलं नाही रे. माझ्या हातावर चढते तशी ती मांजराच्या अंगावर चढेल.”

तिची इच्छा एवढीच होती की सुतळी खालच्या जांभळावर जावी. तेथली मांजरे ओळखीची, झाड ओळखीचे, आणि पहिले काही दिवस दाणे ठेवायला खिडकी समोरच. पण ममतेने निर्णय घेते आहेस, हा आरोप तिला सोसवत नव्हता. तिला माझ्याकडून पुरावा हवा होता.

मी बाल्कनीत गेलो. खाली कुंपणाच्या भिंतीवर दोन खारी पळापळ करीत होत्या. मी नीट मोजले. तीन पट्टे. पुन्हा मोजले. तीन. सुलभाताईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पोहे परतायला गेली. पोह्यांवर ओले खोबरे भरपूर होते. आमच्या मिरजेत पोह्यांवर शेव पडते आणि खोबरे हवे की नको हे आधी विचारतात. येथे विचारायला वेळ नसतो, वाढतात.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी नोंदी स्वतः पडताळाव्यात म्हणून मी घाटकोपरला हंसाबेन यांच्याकडे गेलो. मंडळातल्या या गुजराती बाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या, वातानुकूलन यंत्राच्या पेटीवर रोज खारींना दाणे घालतात. त्यांचे मराठी पाण्यासारखे वाहते, फक्त क्रियापदे अधूनमधून स्वतःच्या मर्जीने चालतात.

त्यांनी मला हांडवा वाढला, त्यावर ढोकळा वाढला, आणि मी संकोचाने पुरे म्हटले तेव्हा त्यांना ते ऐकूच आले नाही. आमच्याकडे पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचे आणि चौथ्यांदा घ्यायचे, असा रिवाज आहे. घाटकोपरला पहिल्या ‘नाही’च्या आधीच ताट भरलेले असते, त्यामुळे शिष्टाचाराला जागाच उरत नाही. मला हे फार आवडले.

“गांठिया पण टाकायची मी आधी,” त्या म्हणाल्या. “सुलभाबेन ओरडली. मीठ नाही चालत बोलली त्यांना. आता साधे शेंगदाणे. खारी पण रिसावली, दोन दिवस आली नाही.”

खारी आल्या. मी खिडकीतून वाकून पाहिले. पेटीवर एक, पाइपवर एक. दोघींच्या पाठीवर तीन-तीन पट्टे, स्वच्छ, शाईने आखल्यासारखे. अधिक नीट पाहावे म्हणून मी आणखी वाकलो आणि खिशातले पेन निसटून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर पडले. एका बाईंनी वर पाहिले. मी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले, पण शब्द सापडेपर्यंत हंसाबेननी खिडकीतून परस्पर तडजोड केली होती: पेन त्या बाईंच्या नातवाला, आणि फुटलेला पापड आम्हाला तळून.

मुलुंडला परतताना मी स्वतःशी मान्य केले की नकाशा बरोबर दिसतो. सुलभाताईला मात्र अजून कोळीवाडा बाकी आहे एवढेच सांगितले.

अंधेरी, वेसावे

वेसाव्याच्या कोळीवाड्यात शिरण्यापूर्वी नाकाला आणि शिरल्यानंतर डोळ्यांना काम मिळते. बांबूंच्या उभ्या-आडव्या चौकटींवर बोंबील लोंबत असतात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने दारात उभे राहायचे, आणि दारात उभे राहिले की आतून चहा येतो. मांजरे होती. सुलभाताईने अतिशयोक्ती केली नव्हती. एका चौकटीखाली पाच-सहा बसली होती आणि त्यांच्या बसण्यात हक्क होता.

मंडळाच्या तेथल्या सभासद हिराबाय. त्या मासळीबाजारात गाळा चालवतात, आणि दुपारी घरी आल्यावर पायरीवर बसून जाळी दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याशी भांडता भांडता खारींची नोंद करतात. मी समोर अवघडून उभा राहिलो. उंच माणसाने छोट्या दारापुढे उभे राहावे तसा मी दिसत असणार.

“दादूस, बस खाली,” त्या म्हणाल्या. “उभ्यानं आमची गल्ली दिसाची नाय.”

मी पाटावर बसलो. त्यांनी कोलंबीचे कालवण आणि तांदळाची भाकरी पुढे केली. मी मासळी खातो, पण सोलण्यात कच्चा आहे. माझी एक कोलंबी संपेपर्यंत त्यांच्या नवऱ्याने चार संपवल्या आणि मिरजेला नदी आहे की नाही याची सहानुभूतीने चौकशी केली.

तेवढ्यात एक खार समोरच्या घराच्या बुटक्या भिंतीवरून आली. तिची शेपूट अर्धीच होती, बहुधा मांजरामुळे. ती भिंतीवरून आडवी, माझ्या डोळ्यांच्या पातळीवरून चालत गेली. मी मोजले. वरचे तीन पट्टे, आणि खाली कुशीवर आणखी एक, जरा फिकट. ती वळली. दुसऱ्या कुशीवरही तसाच. पाच. निःसंशय पाच. नकाशा येथेही खरा ठरत होता.

मी हात धुवायला उठलो. मोरी बाजूलाच, त्या बुटक्या भिंतीला लागून, चार पायऱ्या वर, माळ्याच्या जिन्यापाशी होती. हात पुसत मी सहज मागे पाहिले. ती तुटक्या शेपटीची खार आता बरोबर माझ्या पायांखाली होती, भिंतीवर पसरून ऊन खात. तिच्या पाठीवर तीन पट्टे होते.

मी जिना उतरलो. पाटावर बसलो. पाच. परत जिन्यावर गेलो. तीन. कुशीवरचे दोन पट्टे वरून दिसतच नव्हते. पाठीच्या गोलाईने ते झाकले जात होते. असे मी आणखी दोनदा केले तेव्हा हिराबायच्या नवऱ्याने जाळे बाजूला ठेवले आणि पाहुण्याच्या पोटाला कालवण सोसले नाही असे समजून मला सोलकढी दिली. मी ती प्यायलो. त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की काय घडले ते सांगायचेच राहून गेले.

इमारतीतली माणसे खारीला तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पाहतात. गल्लीतली माणसे तिला पायरीवर बसून पाहतात. खार एकच.

बोरीवली

रविवारी मंडळाची बैठक दिघ्यांच्या वसाहतीच्या सभागृहात होती. बोरीवलीचा हा भाग राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. सभागृहाच्या मागच्या खिडकीतून हिरवा डोंगर दिसतो आणि पुढच्या खिडकीतून दुचाकींची रांग. वाटेत सुलभाताई पिंजरा मांडीवर घेऊन रिक्षात बसली होती. मी तिला सगळे सांगितले.

“हे तू तिथे बोलणार आहेस ना?” तिने विचारले.

मी म्हणालो की लिहून देईन, ती वाचून दाखवील.

“अनंता, मी वाचलं तर ते माझं रडगाणं होईल. तू बोललास तर ती माहिती होईल. तूच बोल.”

लहानपणापासून मला सभेत बोलायचे म्हटले की तळहातांना घाम सुटतो. ग्रंथालयात माझे निम्मे आयुष्य ‘शांतता राखा’ या पाटीखाली गेले आणि त्या पाटीचा सर्वांत प्रामाणिक अनुयायी मीच होतो. परंतु माझ्याजवळ जे होते ते खरे होते, आणि खरे हाताशी असले की घामाने फारसे बिघडत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

सभागृहात दिघे होते, हंसाबेन होत्या, हिराबाय होत्या आणि आणखी आठ-दहा सभासद. दिघ्यांनी भिंतीवर नकाशा लावला होता. माणूस सज्जन, आवाज मृदू आणि नकाशा खरोखर देखणा. सुतळीला आज संध्याकाळीच हिराबायंच्या हवाली करावे, असे त्यांनी सुचवले. मुलुंडलाच सोडली तर ती परक्या कळपात एकटी पडेल, अशी त्यांनाही तिची काळजी होती.

मी उठलो. माझी शंका जितक्या आदराने मांडता येईल तितक्या आदराने मांडली. दिघ्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “पण अनंतराव, फोटो आहेत ना. मुलुंडचे, घाटकोपरचे. सगळ्यांत तीनच पट्टे आहेत.”

मी विचारले की फोटो कोठून काढले.

“गॅलरीतून,” ते म्हणाले, आणि थांबले.

पुढे बोलण्यापेक्षा दाखवणे मला सोपे होते. मी सुतळीचा पिंजरा सभागृहाच्या मधोमध फरशीवर ठेवला आणि सर्वांना भोवती उभे राहून वरून मोजायला सांगितले. वरच्या तारा विरळ होत्या. सुतळी शेंगदाण्यात गुंतलेली होती. सगळ्यांनी मोजले. तीन, असे एकजात उत्तर आले, आणि हंसाबेन म्हणाल्या की ही खार बदलली काय?

“आता कृपया खाली बसा,” मी म्हणालो.

बोरीवलीच्या त्या सभागृहात बारा-तेरा ज्येष्ठ नागरिक एकाच वेळी खाली बसले. गुडघे वाजले. एकाने खुर्चीचा आधार घेतला, दुसऱ्याने पहिल्याचा. हिराबाय एका झटक्यात मांडी घालून बसल्या आणि मागे उभ्या राहिलेल्यांना म्हणाल्या की बाजारात आलात तर पापलेट पण उभ्यानेच घेता काय. मग सगळे मोजू लागले.

“पाच,” सुलभाताई म्हणाली. तिला ते आधीपासून ठाऊक होते, तरी तिने पुन्हा एकदा मोजले.

दिघे खाली बसले होते ते बसूनच राहिले. ते एकदा सुतळीकडे आणि एकदा भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होते. आता ते संतापतील असे मला वाटले आणि माझे तळहात पुन्हा ओले झाले.

“म्हणजे मी खारींचा नकाशा केलाच नाही,” ते शेवटी म्हणाले. “मी मजल्यांचा केला.”

आणि ते हसले. आधी हलके, मग मोठ्याने, आणि मग सगळे हसले. ज्या माणसाचा इतका नेटका नकाशा दुपारच्या चहाआधी निकाली निघाला, त्याला असे हसता यावे, हे मी या प्रवासात पाहिलेल्या दृश्यांत सर्वांत वरच्या जागी ठेवतो.

पण ते नकाशेच काढत आलेले. मोजमाप सोडणार नव्हते. त्यांनी लगेच विचारले की मग या दोन खारींना खात्रीने वेगळे कशाने ओळखायचे. उजेड, वय, ओले केस यांनी फिकट पट्टे झाकले जातात. शरीररचनेत पक्की खूण कोणती?

मला उत्तर ठाऊक होते. ते ठाऊक नसते तर फार बरे झाले असते. लेखात मी ‘इतर काही अस्थी’ म्हणून टाळलेल्या हाडाच्या घडणीत चिपमंकांच्या गटांत जसा फरक आहे, तसाच अभ्यासकांना आपल्या तीनपट्टी आणि पाचपट्टी खारींतही आढळला आहे. मी चष्मा काढला, पुसला, घातला.

“एक हाड असते,” मी म्हणालो. “नराच्या... नराला असते.”

“कुठे असतं?” मागून कोणीतरी विचारले.

मी म्हणालो, “पुनरुत्पादनाच्या संदर्भात.”

हंसाबेननी शेजारणीला विचारले की भाई काय बोलले, आणि शेजारणीने त्यांच्या कानात एकाच शब्दात भाषांतर केले. हंसाबेन पदराआड गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. हिराबाय म्हणाल्या की मग गॅलरीतून ते मोजायचे दुर्बिणीनं काय? दिघ्यांनी हे कलम तूर्त स्थगित ठेवावे असे सुचवले, आणि मी त्याला सर्वांत आधी अनुमोदन दिले.

निर्णय मात्र झाला होता. सुतळी ट्रकमधून आली असे मानायला आता कारण उरले नव्हते. मुलुंडच्या जांभळावरच्या खारी तिच्याच जातीच्या असण्यात काहीच आड येत नव्हते. त्या दोन खारी पाचपट्टी आहेत हे खाली उतरून, डोळ्यांच्या रेषेत पाहून, खात्री करूनच तिला सोडावे, अशी अट दिघ्यांनी घातली. ती योग्यच होती.

पुन्हा मुलुंड

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाताई आणि मी कुंपणाच्या भिंतीशी सतरंजी टाकून बसलो. वसाहतीतले लोक फिरायला जाता-येता आमच्याकडे पाहत होते. सुलभाताईने एकालाही खुलासा दिला नाही. ऊन वर आल्यावर खारी आल्या. पहिली आडवी गेली: पाच. दुसरी थांबली, कूस खाजवली: पाच. सुलभाताईने माझा दंड एवढ्या जोराने दाबला की खूण संध्याकाळपर्यंत होती.

पिंजरा जांभळाच्या बेचक्यात ठेवला आणि दार उघडून बांधले. सुतळी दाराशी आली, आत गेली, परत आली. सुलभाताईने हात मागे घेतला. तो पुढे गेला असता तर सुतळी त्याच्यावरच चढली असती. मग ती खोडाला लागली, डोके वर करून, आणि आम्ही पाहत असताना पानांत शिरली. वरून कोणीतरी चिरचिर केली. तिने उत्तर दिले की घाबरली, ते मला सांगता येणार नाही.

रात्री सुलभाताई फारशी जेवली नाही. मीही आग्रह केला नाही.

मिरजेला निघायच्या सकाळी तिने मला बाल्कनीत बोलावले. खाली भिंतीवर खारी दाणे वेचत होत्या. आदल्या दिवशी दोन होत्या, आज तीन. तिघी एकमेकींना हुसकावत होत्या, धावत होत्या, पुन्हा जवळ येत होत्या.

“यातली सुतळी कुठली?” तिने विचारले.

मी कठड्यावरून वाकून पाहिले. आकार, रंग, शेपटी, चालण्याची ढब, जे जे वाचले होते ते सगळे आठवून पाहिले. मग मी सतरंजीच्या जागी खाली जाऊन बसून पाहिले, आणि परत वर आलो.

“मला ओळखता येत नाही, ताई,” मी म्हणालो.

तिने डोळे पुसले आणि हसली. “मलाही नाही,” ती म्हणाली. “चल, तुझी शिदोरी बांधते.”